व्याख्यानापूर्वीचे गोखले

मराठी वक्तृत्वाचा विचार आपल्याकडे बहुधा व्यासपीठावर सुरू होतो आणि व्यासपीठावरच संपतो. वक्त्याचा आवाज, त्याची विनोदबुद्धी, उपरोधाची धार, सभा हसविण्याचे अथवा पेटविण्याचे सामर्थ्य यांची नोंद होते. कीर्तन-प्रवचनाच्या दीर्घ परंपरेने घडलेल्या श्रोतृवर्गाला हेच निकष जवळचे वाटावेत, हे स्वाभाविक आहे. शिवराम महादेव परांजपे यांच्यासारखा वक्ता या निकषांवर सहज श्रेष्ठ ठरतो. गोपाळ कृष्ण गोखले मात्र या मापात बसत नाहीत. त्यांची महत्त्वाची भाषणे इंग्रजीत झाली, ती जनसमुदायापेक्षा सरकारी अधिकाऱ्यांसमोर अधिक झाली आणि त्यांत आकडे फार होते. परिणामी वाङ्मयेतिहासात त्यांचे नाव ‘सुधारक’च्या इंग्रजी बाजूपुरते येते आणि ते राजकीय इतिहासकारांच्या स्वाधीन केले जातात. प्रस्तुत लेखात गोखल्यांच्या चरित्राकडे वेगळ्या बाजूने पाहावयाचे आहे. भाषण उभे राहण्यापूर्वी ते कसे घडवावे लागते, आणि ते न घडविता उभे राहिल्यास काय किंमत द्यावी लागते, या प्रश्नाचे इतके स्पष्ट उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्याही आयुष्यात सापडत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी, आजोळी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ साली ते वारले तेव्हा गोपाळराव तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून कागल येथे पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते कोल्हापूरला शिकणाऱ्या धाकट्या भावाला दरमहा पाठवीत राहिले. या आठ रुपयांचा उल्लेख सर्व चरित्रकार करतात आणि तो भावाच्या त्यागाचा दाखला म्हणून करतात. त्याला दुसरीही बाजू आहे. ज्या मुलाला प्रत्येक पैचा हिशेब मनात ठेवावा लागला त्याच मुलाने पुढे एका साम्राज्याचा जमाखर्च तपासला; अंकांविषयीची त्याची आस्था केवळ गणिताच्या आवडीतून आलेली नव्हती. १८८१ साली मॅट्रिक, नंतर राजाराम कॉलेज, काही काळ डेक्कन कॉलेज आणि अखेर मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करून ते १८८४ साली बी. ए. झाले. पाठांतर हा त्यांच्या विद्यार्थिदशेचा ठळक विशेष होता. बर्कचे लेखन ते मुखोद्गत करीत. परभाषेतील वाक्य कोठे वळते, कोठे थांबते, विशेषण कोठे गाळल्याने बळ वाढते, हे त्यांनी व्याकरणापेक्षा पाठांतरातून आत्मसात केले असावे. घोकंपट्टी म्हणून आपण ज्या सवयीला नाके मुरडतो तिच्यापासून एक मोठा वक्ता घडला, ही गोष्ट शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

१८८५ च्या प्रारंभी ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढील वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी वाङ्मय, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र असे एकमेकांपासून दूरचे विषय शिकविले. लागेल तो विषय शिकविणारे प्राध्यापक म्हणून त्यांची थट्टाही होई. परंतु या सक्तीचा लाभ मोठा होता. नवा विषय रात्री वाचून सकाळी तरुण मुलांपुढे मांडावयाचा, तर त्या विषयाचा कणा प्रथम हाती लागावा लागतो. कोणती गोष्ट आधी सांगितली म्हणजे दुसरी आपोआप समजते, याचा क्रम लावावा लागतो. गोखल्यांच्या पुढील भाषणांत हा वर्गातला क्रम सतत जाणवतो. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक अनेक वर्षे शाळांतून चालले; तेही याच गुणामुळे.

खरा गुरू मात्र वर्गाबाहेर भेटला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या सहवासात गोखले आले आणि सार्वजनिक सभेच्या इंग्रजी त्रैमासिकाचे काम त्यांच्याकडे सोपविले गेले. रानड्यांची शिकविण्याची रीत कठोर होती. सरकारी अहवालांचे जाडजूड ग्रंथ समोर ठेवावयाचे, त्यांतून मुद्दे काढून मसुदा करावयास सांगावयाचे, मग तो मसुदा तपासून परत द्यावयाचा. दोष दाखविले जात. स्तुती क्वचितच होई. सरकारचेच अंक घेऊन सरकारशी वाद करावयाचा, ही रानड्यांची नीती होती. तिच्यात मुत्सद्देगिरी होती, तशीच एक वाङ्मयीन शिस्तही होती. विरोधी श्रोत्याला जे नाकारता येणार नाही तेच आधाराला घ्यावयाचे, आणि भावनेला जागा द्यावयाची ती त्या आधारावर उभे राहिल्यानंतर.

या शिस्तीचा एक लहान नमुना १८९० च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये दिसतो. १८८८ साली मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर गेला होता. चोवीस वर्षांच्या गोखल्यांनी त्यावर बोलताना एका पैशाच्या मिठाची टोपली करामुळे पाच आण्यांना कशी पडते ते दाखविले. कोट्यवधींच्या महसुलाचा आकडा सभेला स्पर्श करीत नाही. टोपली स्पर्श करते. मोठा आकडा लहान करून घरात आणावयाचा, ही युक्ती त्यांना तेव्हाच साधली होती. हा कर पुढे सतरा वर्षे त्यांच्या भाषणांत येत राहिला.

हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी १८९५ साली लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगापुढे साक्ष देण्यासाठी १८९७ साली गोखले लंडनला गेले. त्यांची लेखी साक्ष तयार होताना रानडे यांच्याबरोबर आणखी एका माणसाचे हात राबले. ते गणेश व्यंकटेश जोशी होत. सार्वजनिक काका म्हणून प्रसिद्ध असलेले गणेश वासुदेव जोशी ते हे नव्हेत. नामसाम्यामुळे दोघांची गल्लत अद्यापही होते. सरकारी शाळेतील हा शिक्षक, सोलापूरसारख्या ठिकाणी बसून, हिंदुस्थानच्या अर्थकारणावर अत्यंत बारकाईने लिहीत असे. साक्षीच्या वेळी मात्र गोखले एकटे होते. लेखी निवेदन दुसऱ्याच्या मदतीने तयार होऊ शकते, उलटतपासणीला उत्तर तसे देता येत नाही. आयोगातील अनुभवी सदस्यांनी विचारलेल्या प्रश्नांना एकतिशीच्या या प्राध्यापकाने निभावून उत्तरे दिली, याचे कारण ते आकडे त्यांनी केवळ पाठ केलेले नव्हते. कोणता आकडा कोठून आला हे त्यांना ठाऊक होते.

आणि याच प्रवासात त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कटू प्रसंग घडला. पुण्यात प्लेगनिवारणाच्या नावाखाली घरांची झडती चालू होती. सोजिरांच्या वर्तनाविषयीची पत्रे पुण्याहून गोखल्यांच्या हाती येत होती. त्यांतील एका पत्रात स्त्रियांवरील अत्याचाराचा गंभीर आरोप होता. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेल्यानंतर इंग्लंडमध्ये पुण्याविषयी चर्चा उसळली, तेव्हा गोखल्यांनी हा आरोप ‘मँचेस्टर गार्डियन’ला आणि पार्लमेंटच्या काही सभासदांना सांगितला. मुंबई सरकारने तो साफ नाकारला आणि पुराव्याचे आव्हान दिले. गोखले परतले तेव्हा पत्र लिहिणारी माणसे पुढे येण्यास तयार नव्हती. त्यांची नावे उघड करणे गोखल्यांना मान्य नव्हते. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी विनाशर्त माफी मागितली. नुकतीच टिळकांना अटक झाली होती. अशा वेळी ही माफी लोकांच्या डोळ्यांत खुपली आणि गोखल्यांच्या नावाला भित्रेपणाचा डाग लागला.

या घटनेची चर्चा आजवर दोन पक्षांत झाली. एका पक्षाने ती शरणागती ठरविली, दुसऱ्याने तो सत्यनिष्ठेचा कळस मानला. दोन्ही पक्ष माफीकडे पाहतात. त्यापूर्वीच्या विधानाकडे पाहत नाहीत. गोखल्यांचे दुःख असे की, वेल्बी आयोगापुढे ज्या माणसाने एकही आकडा आधाराशिवाय उच्चारला नाही, त्याच माणसाने त्याच शहरात, त्याच उन्हाळ्यात, ऐकीव मजकूर आपल्या जबाबदारीवर जगापुढे ठेवला. प्लेगच्या काळात पुण्यात लोकांनी जे सोसले ते यामुळे खोटे ठरत नाही. मात्र वक्त्याच्या तोंडून निघालेले विधान सिद्ध करण्याचा भार वक्त्यावरच असतो, आणि तो भार उचलता आला नाही म्हणजे ज्यांच्यासाठी तो बोलला त्यांचेच नुकसान होते. हा धडा गोखल्यांनी कोणत्याही पुस्तकातून घेतला नाही. १८९७ नंतरच्या त्यांच्या भाषणांत जी कमालीची सावधगिरी आढळते तिला टीकाकारांनी स्वभावाचा मवाळपणा म्हटले. तिच्यात पोळलेल्या माणसाची खबरदारी होती, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

१८९९ साली ते मुंबई कायदेमंडळात गेले. १९०१ मधील जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीला विरोध करून फिरोजशहा मेहतांबरोबर त्यांनी सभात्यागही केला. त्याच वर्षाच्या अखेरीस मेहतांच्या जागी त्यांची वरिष्ठ कायदेमंडळावर निवड झाली. या मंडळाची घडण समजल्याशिवाय गोखल्यांच्या वक्तृत्वाचे मोल कळणार नाही. १८९२ च्या कायद्यान्वये सभासदांना अर्थसंकल्पावर बोलता येई. पण त्यावर मतदान नव्हते, त्यात कपात सुचविणारा ठराव मांडता येत नव्हता. सरकारी सभासदांचे बहुमत कायमचे होते. म्हणजे वर्षातून एकदा बोलावयाचे, आणि बोलून काहीही होणार नाही हे सर्वांना आधीच ठाऊक असावयाचे. श्रोते प्रतिकूल, विषय रुक्ष, निकाल ठरलेला. अशा सभेत वक्त्याला टाळी हे मोजमाप उरत नाही.

अर्थसंकल्प हाती आल्यापासून चर्चेपर्यंत दिवस थोडेच मिळत. त्या काळात गोखल्यांनी जोशी यांच्याकडे मदत मागितली आणि सोलापूरच्या त्या शिक्षकाने टिपणे पाठविली. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास झालेले गोखल्यांचे पहिले अर्थसंकल्पीय भाषण या दोघांच्या श्रमातून उभे राहिले. सरकार सुमारे सात कोटींची शिल्लक अभिमानाने मांडत होते. दुष्काळाने आणि प्लेगने पिचलेल्या देशात शिल्लक पडते याचा अर्थ देश सुखी आहे, असे सुचविले जात होते. गोखल्यांनी आकडा नाकारला नाही. त्याचा अर्थ उलटा केला. रुपयाचा भाव तेरा पेन्सपर्यंत घसरला होता तेव्हा तूट भरून काढण्यासाठी कर वाढविले गेले. पुढे भाव सोळा पेन्सवर गेला आणि विलायतेस पाठवावयाच्या रकमेतच सरकारचे वर्षाला चार-पाच कोटी वाचू लागले. पण वाढविलेले कर तसेच राहिले. तेव्हा ही शिल्लक समृद्धीची नसून गरजेपेक्षा अधिक घेतलेल्या कराची आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. संपूर्ण भाषण या एका कल्पनेवर तोलले आहे. मीठ, प्राप्तिकर, लष्करी खर्च, शिक्षण हे सर्व विषय तिच्याच फांद्या म्हणून येतात. ज्यांना अनेक मुद्दे सांगावयाचे असतात त्यांनी एक मुद्दा आधी निश्चित करावा लागतो, याचे इतके चांगले उदाहरण दुर्मीळ आहे.

बोलण्याच्या रीतीविषयी थोडे सांगावयास हवे. गोखल्यांच्या आवाजात मेघगर्जना नव्हती, हातवारे नव्हते. शब्द स्वच्छ आणि वाक्ये बांधीव असत. विरोधकाचे म्हणणे प्रथम त्याला स्वतःला पटेल अशा शब्दांत मांडावयाचे आणि मग त्याचे उत्तर द्यावयाचे, हा त्यांचा नेम होता. त्यामुळे समोरच्याला आपल्यावर अन्याय झाला असे म्हणण्याची सोय राहत नसे. या रीतीत रंग कमी आहे, हे मान्य केले पाहिजे. एका बैठकीत त्यांची चार भाषणे वाचणारा वाचक थकतो. तथापि ती वाचण्यासाठी नव्हती; ज्याला उत्तर देणे भाग होते अशा वित्तमंत्र्यासाठी ती होती.

१९०३ साली मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला, १९०५ साली दीड, आणि १९०७ साली एक रुपया. प्राप्तिकराची किमान मर्यादा १९०३ साली पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. याचे सारे श्रेय गोखल्यांना देणे अनैतिहासिक होईल. तिजोरीत पैसा होता आणि इतरांचीही मागणी होती. पण कर कमी करण्यास सरकारकडे आता सबब उरली नव्हती, आणि ती न उरण्यात या भाषणांचा वाटा होता. गणेश व्यंकटेश जोशी १९११ साली वारले; त्यांचे लेखन पुढील वर्षी ग्रंथरूपाने निघाले. तो ग्रंथ गोखल्यांच्या भाषणांशेजारी ठेवून वाचण्याचे काम मराठी अभ्यासकांनी अंगावर घ्यावयास हवे. व्यासपीठावर एक माणूस दिसतो तेव्हा त्याच्यामागे किती जण असतात, हे त्यातून उलगडेल.

तयारी आणि यश यांचा संबंध सरळ नसतो, हे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकावरून दिसते. १९१० साली त्यांनी या विषयावर ठराव मांडला, मार्च १९११ मध्ये विधेयक आणले. सक्ती स्थानिक संस्थांच्या इच्छेवर सोडली होती, ती सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती होती आणि जेथे पुरेशी मुले आधीच शाळेत जातात तेथेच लागू व्हावयाची होती. खर्चाची वाटणी सुचविली होती. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी हा प्रयोग करून दाखविला होता, तोही आधाराला होता. आक्षेप येण्यापूर्वीच प्रत्येक आक्षेपाला विधेयकात जागा करून दिली होती. वर्षभर देशभरातून आलेली मते वाचून गोखल्यांनी मार्च १९१२ मध्ये त्यांचा परामर्श घेतला. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. पराभव होणार हे त्यांना बोलण्यापूर्वीच ठाऊक होते, तरीही भाषणात कोठे ढिलाई नाही. ते सभागृहासाठी नव्हते. पुढे कधीतरी हा प्रश्न हाती घेणाऱ्या माणसाला सारे साहित्य एका ठिकाणी मिळावे म्हणून ते रचले होते.

त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला गोखले केपटाऊनला उतरले. दक्षिण आफ्रिकेच्या या दौऱ्यातील एक प्रसंग मराठी अभ्यासकाला विशेष मोलाचा वाटावा. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात तो नोंदविला आहे. तेथील हिंदी वस्तीत कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रीय हिंदूही होते. गोखल्यांचे भाषण मराठीत ऐकावे अशी त्यांची इच्छा होती. गांधीजींनी ती पुढे केली आणि आपण त्याचे हिंदुस्थानी भाषांतर करू असे सांगितले. गांधीजींचे हिंदुस्थानी किती बेताचे आहे ते गोखल्यांनी ऐकलेच होते. मराठी कोठून शिकलात, म्हणून त्यांनी चेष्टा केली. गांधीजींनी मराठी बोलता येत नसल्याचे कबूल केले, पण परिचित विषयावरील भाषणाचा आशय आपण धरू शकतो, असा आग्रह धरला. गोखले मानले. तेव्हापासून झांझिबारपर्यंत अशा सभांत ते मराठीत बोलले आणि गांधीजी भाषांतर करीत राहिले. कोतळूकला जन्मलेला हा माणूस आयुष्यभर विलायती राज्यकर्त्यांसाठी वाक्ये घोटीत राहिला. आणि मातृभाषेत बोलण्याची विनंती त्याला एका गुजराती माणसाकडून, समुद्रापलीकडे व्हावी लागली. त्या मराठी भाषणांतील वाक्ये आपल्या हाती असती तर गोखल्यांविषयीचा आपला निर्णय कदाचित वेगळा झाला असता. इंग्रजीतील एकेका शब्दासाठी अडून बसणारे गोखले मराठीत किती मोकळे झाले असतील, याची कल्पनाच करावी लागते.

१४ नोव्हेंबर १९१२ रोजी प्रिटोरियात बोथा, स्मट्स आदी मंत्र्यांशी त्यांची भेट ठरली होती. त्यापूर्वी त्यांनी गांधीजींकडून तेथील हिंदी लोकांच्या गाऱ्हाण्यांचा साद्यंत इतिहास समजून घेतला, टिपणे घेतली, प्रश्न विचारून शंका फेडल्या. प्रकृती खालावलेली असताना त्यांनी रात्री जागून ही तयारी केली. भेटीहून परतल्यावर तीन पौंडांचा कर वर्षात रद्द होईल, अशी त्यांची खात्री झाली होती. गांधीजींना ती खात्री वाटत नव्हती. १९१३ साली सरकारने असे वचन दिल्याचे नाकारले आणि नाताळमधील मजुरांचा मोठा संप झाला. कर गेला तो १९१४ च्या कायद्याने. आपण काय बोलावयाचे याची गोखल्यांइतकी तयारी कोणी केली नसेल. समोरचा काय बोलला आणि त्याने काय बोलावयाचे टाळले, ते ऐकण्यात मात्र येथे ते कमी पडले असावेत. आपले शब्द पाळणाऱ्या माणसाला दुसऱ्याचे शब्दही तसेच वाटतात.

१२ जून १९०५ रोजी त्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात नव्या सदस्याला पाच वर्षांची उमेदवारी होती आणि तिच्यात अभ्यासाला मोठे स्थान होते. जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी स्वदेशी परतले तेव्हा गोखल्यांनी त्यांच्याकडूनही असेच एक वचन घेतले. वर्षभर देश पाहावा, ऐकावे, सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये. तेव्हा मधुमेह आणि हृदयविकार यांनी गोखले जर्जर झाले होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. गांधीजी त्या वेळी शांतिनिकेतनात होते. बातमी कळताच ते पुण्यास निघाले. गोखल्यांना दिलेले मौनाचे वचन त्यांनी त्यांच्या मृत्यूनंतरही वर्ष पुरे होईतो पाळले.